लाल फुली, हिरवी खूण

पन्नाशीला तीन आठवडे बाकी असताना एएआरपीचं, म्हणजे पन्नाशीपुढच्यांच्या संस्थेचं, सभासद व्हा म्हणणारं पाकीट टपालात आलं. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला ते सहसा चुकत नाही. नवऱ्याला आलं, मैत्रिणींना आलं, तेव्हा पोटभर हसून झालं होतं. तरी स्वतःच्या नावाचं हातात पडल्यावर, बसमध्ये कुणीतरी उठून ‘आजी, बसा’ म्हणावं तसं झालं. आत खऱ्या कार्डासारखं दिसणारं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर माझं नाव, आणि आडनावातलं एक अक्षर नेहमीप्रमाणे गिळलेलं.

मी ते फाडलं नाही आणि फॉर्म भरून पाठवलाही नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर पडून आहे. त्याच्याकडे लक्ष गेलं की मला बाई आठवतात, आणि बाईंना मी एकदा शब्दांत सांगितलेली एक जाहिरात आठवते.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. २००३ ते २००६ मी न्यू जर्सीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. तिसरीच्या वर्गाला उभी हयात शिकवून त्या निवृत्त झालेल्या. तोंडावर मी त्यांना मिसेस लावून आडनावाने हाक मारायचे, पण मनातल्या मनात त्या ‘बाई’च, शाळेतल्या. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. समोर बघितलं की मधोमध धुरकट गोळा आणि कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे बोलताना त्या तुमच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत बोलायच्या. नवख्याला वाटे, बाईंचं लक्षच नाही. लक्ष पुरेपूर असे.

वाचता येत नसल्यामुळे दर शनिवारी सकाळी आठवड्याचं टपाल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. भाड्यात सूट नव्हती, कॉफी मिळायची. टेबलावर तीन गठ्ठे व्हायचे: बिलं, माणसांची पत्रं आणि ‘घाबरवणारी’. तिसरा गठ्ठा नेहमी सगळ्यांत उंच. त्यातल्या पाकिटांवर गरुड असायचा, ताबडतोब उघडा म्हणून ठळक अक्षरं असायची, कुठे ‘सोशल सिक्युरिटी’ (सरकारची म्हातारपणच्या पेन्शनची योजना) हे शब्द असे छापलेले की सरकारी कचेरीतूनच आलंय असं वाटावं. पहिल्या महिन्यात मीच दोन-तीनदा दचकले. तेव्हा व्हिसावर होते, सरकारी दिसणाऱ्या कुठल्याही पाकिटाने माझ्या पोटात गोळा यायचा. बाई शांत. ‘घाई आहे असं लिहिलंय ना? मग सरकारचं नाही. सरकारला कधीच घाई नसते.’

ही नुसती त्यांची गंमत नव्हती. म्हाताऱ्यांच्या टपालपेटीवर या देशात एक आख्खा धंदा चालतो. युनायटेड सीनियर्स असोसिएशन नावाची संस्था १९९१ साली निघाली, ती काढणारे रिचर्ड व्हिगेरी हे उजव्या राजकारणातले टपालाने पैसा उभा करण्यातले नावाजलेले उस्ताद. सोशल सिक्युरिटीकडून आलंय असं भासवणारी पाकिटं पाठवली म्हणून सोशल सिक्युरिटी खात्याने या संस्थेला ५,५४,१९६ डॉलर दंड केला. आकडा असा विचित्र का, तर पाकिटामागे एक डॉलर. तितकी पाकिटं मोजली गेली होती. संस्था कोर्टात गेली, भाषणस्वातंत्र्य पुढे केलं, आणि २००५ साली अपील न्यायालयात हरली. तोवर तिने आपलं नाव बदलून ‘यूएसए नेक्स्ट’ केलं होतं, आणि आमच्या कथेत ती या नावाने येते.

पण आधी बाईंचं आणि एएआरपीचं काय होतं ते सांगायला हवं. बाई एएआरपीला पोरासारखं मानायच्या, म्हणजे अभिमान आणि कटकट दोन्ही. ही संस्था मुळात शिक्षकांच्या संघटनेतून निघालेली. कॅलिफोर्नियातल्या निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांनी १९४७ साली निवृत्त शिक्षकांची संघटना काढली आणि १९५८ साली सगळ्याच वयस्कांसाठी एएआरपी. अँड्रसबाई एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा पत्ता शोधत गेल्या, तर ती कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना सापडली, ही गोष्ट बाईंनी मला तीनदा तरी सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायच्या, ‘आणि ती बाई बहुतेक माझ्यासारखीच स्पेलिंग तपासत बसलेली असणार.’

तरीही २००३च्या हिवाळ्यात याच बाईंनी एएआरपीचं कार्ड कात्रीने मधोमध कापलं. मी नुकतीच राहायला आले होते, त्यामुळे कात्री शोधून देणारी मीच. भांडण खरं होतं. मेडिकेअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यात, औषधांचा खर्च घालणारं बुश सरकारचं विधेयक आलं, त्यात औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायला मेडिकेअरला सरळ मनाई होती, मध्येच एक असा टप्पा होता जिथे सगळा खर्च पेशंटच्या माथी, आणि एवढं असून एएआरपीने त्याला पाठिंबा दिला. त्या पाठिंब्यामुळे विधेयक तरलं असं तेव्हा सगळेच म्हणत. प्रतिनिधिगृहात रात्री तीनला मतदान सुरू करून ते जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं होतं, २२० विरुद्ध २१५. देशभर हजारो सभासदांनी राजीनामे दिले. बाईंनी कार्डाचे दोन तुकडे फेकले मात्र नाहीत. रबरबँडांच्या खणात ठेवले.

म्हणजे २००५ उजाडलं तेव्हा बाई एएआरपीवर रुसलेल्या होत्या. हल्ला करणाऱ्यांना याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत बुश यांनी सोशल सिक्युरिटीत खासगी खाती आणायचा घाट घातला. (समर्थक ‘खासगी’ म्हणत नसत, ‘वैयक्तिक’ म्हणत, शब्द कुठला वापरतोय त्यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं.) पगारावर १२.४ टक्के कर, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. त्यातले, पगाराच्या चार टक्क्यांपर्यंत, तरुणांनी स्वतःच्या खात्यात टाकून बाजारात गुंतवावेत अशी योजना. पंचावन्न ओलांडलेल्यांना हात लागणार नव्हता. मग एएआरपी ही म्हाताऱ्यांची संस्था या योजनेविरुद्ध का ओरडतेय, हा प्रश्न मलाही पडला होता. माझ्या पगारातून तो कर कापला जात होता आणि तो परत कधी दिसेल याची मला काही खात्री नव्हती. चार टक्के आपल्या नावावर ही कल्पना मला तरी वाईट वाटली नव्हती.

बाईंनी फळ्याशिवाय धडा घेतला. १९४० साली पहिला मासिक चेक ज्या बाईला मिळाला, व्हरमाँटची आयडा मे फुलर, तिने नोकरीत असताना सगळे मिळून २४.७५ डॉलर कर भरला होता. पहिलाच चेक २२.५४ डॉलरचा. ती शंभर वर्षं जगली आणि बावीस हजारांहून जास्त घेऊन गेली. ‘तिचे पैसे कुठून आले? त्या वेळी कामावर होते त्यांच्या पगारातून. माझे तुझ्या पगारातून येतात. तू चार टक्के उचलून बाजूला ठेवलेस तर माझा चेक लिहायला सरकार कर्ज काढणार, आणि ते फेडणार कोण, तर पुन्हा तूच.’ मग थांबून, भिंतीकडे बघत, ‘कॉफी घे.’

यावर वाद घालता आला असता. निवृत्त वाढताहेत, कर भरणारे त्या मानाने वाढत नाहीत, निधी एक दिवस आटणार, हे त्या योजनेच्या बाजूचे मुद्दे खोटे नव्हते, आजही नाहीत. दोन्हीकडे हिशेब होता. हिशेबाला हिशेबाने उत्तर मिळालं असतं तर या लेखाला विषयच उरला नसता.

यूएसए नेक्स्टच्या प्रमुखांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की एएआरपी हा या योजनेच्या हमरस्त्यात बसलेला धोंडा आहे आणि आम्ही तो उडवणारा सुरुंग. एक कोटी डॉलरपर्यंत खर्चायची तयारी होती. आदल्या वर्षी बुश यांच्याविरुद्ध निवडणूक लढवणाऱ्या जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या शौर्यावर शेण उडवणाऱ्या ‘स्विफ्ट बोट’ जाहिरातींमागचे सल्लागारही कामाला घेतले होते. आणि मग फेब्रुवारीच्या शेवटी अमेरिकन स्पेक्टेटर मासिकाच्या वेबसाइटवर एक जाहिरात झळकली. मोजके दिवस, एका कोपऱ्यात. मूळ जागी ती किती जणांनी पाहिली असेल कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर ‘बघा किती हीन जाहिरात आहे’ म्हणत ती इतक्या वेळा दाखवली गेली की एक कोटी डॉलर वाचले असावेत.

त्या शनिवारी बाईंचा मित्र वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. हा मित्र कोण ते पुढे येतंच. त्याने कात्रण माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘हे वाच तिला.’

वाचायला त्यात फार काही नव्हतंच. बाईंना चित्र दिसत नव्हतं, तेव्हा मला ते सांगावं लागलं.

‘दोन फोटो आहेत. डावीकडे एक सैनिक. अमेरिकन, लढाईच्या वेषात. त्याच्यावर मोठी लाल फुली.’

‘का?’

‘लिहिलेलं नाही. उजवीकडे दोन पुरुष, लग्नाच्या कपड्यांत, एकमेकांचं चुंबन घेताहेत. त्यांच्यावर हिरवी खूण. बरोबरची.’

‘बरं. मग?’

‘खाली लिहिलंय, एएआरपीचा खरा अजेंडा.’

‘आणि सोशल सिक्युरिटीबद्दल काय म्हणतात?’

मी कात्रण उलटंपालटं केलं. ‘काहीच नाही.’

‘काहीच कसं नाही? नीट बघ. बारीक अक्षरात असेल.’

नव्हतं. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं, सैनिक, फुली, दोन पुरुष, खूण, आणि दुसऱ्यांदा सांगताना मला स्वतःचाच आवाज खुळचट वाटायला लागला. एखादा विनोद समजावून सांगताना होतं तसं. पहिल्यांदा ते कात्रण डोळ्यांनी बघितलं तेव्हा मात्र माझ्या पोटात काहीतरी हललं होतं, हे मी कबूल करते. अर्ध्या सेकंदात कळलं होतं: हे लोक सैनिकांच्या विरुद्ध आहेत. विश्वास बसला होता असं नाही, पण कळलं होतं. डोळ्यांना कळलेलं तोंडाने सांगायला गेले तर त्यात एकही वाक्य सापडेना, ज्याला खरं किंवा खोटं म्हणता येईल.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मी जन्मभर लाल फुल्या मारल्या. फुली मारली की शेजारी लिहावं लागतं काय चुकलं ते. नाहीतर पोरगं घरी जाऊन रडतं आणि त्याची आई दुसऱ्या दिवशी माझ्या दारात.’

चुंबन घेणाऱ्या त्या दोन पुरुषांचा एएआरपीशी काय संबंध, याचा माग काढायला मला पुढचा आठवडा लागला. समलिंगी विवाहावर आमची काही भूमिकाच नाही, असं एएआरपीचं म्हणणं होतं. झालं होतं ते असं. नोव्हेंबर २००४मध्ये ओहायो राज्यात समलिंगी विवाहावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती मतदानाला आली. तिच्या दुसऱ्या वाक्यात, लग्न न झालेल्या कुठल्याही व्यक्तींच्या लग्नासारख्या नात्याला राज्याने कायदेशीर दर्जा देऊ नये, असं कलम होतं. एएआरपीच्या ओहायो शाखेने दुरुस्तीला विरोध केला तो या शब्दरचनेवरून. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांच्या हक्कांवर याने गदा येईल अशी त्यांना भीती होती. दुरुस्ती मंजूर झाली, विषय संपला, आणि तीन महिन्यांनी त्याची हिरवी खूण झाली.

आता मित्राबद्दल. बाई विधवा होत्या आणि हा गृहस्थ विधुर. बुधवार ते रविवार तो आमच्या घरी असायचा, सोम-मंगळ आपल्या. राहायला आले तेव्हा मला हे नीटसं पचलं नव्हतं. सत्तरीतली माणसं, दाराशी त्याचे बूट, स्नानगृहात त्याचा दाढीचा ब्रश. एकदा धीर करून विचारलं, लग्न का नाही करत? बाई मोकळ्या हसल्या. नवऱ्याच्या कंपनीकडून त्यांना विधवा म्हणून पेन्शन मिळत होती, ती पुन्हा लग्न केल्याच्या दिवशी बंद होणार होती. शिवाय त्याची मुलं, यांची मुलगी, दोन घरं, दोन मृत्युपत्रं. ‘प्रेम फुकट आहे, लग्न परवडत नाही.’ अशी जोडपी या देशात वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. कुणी पेन्शनसाठी, कुणी मेडिकेडसाठी (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), कुणी मुलांच्या वाटण्या बिघडू नयेत म्हणून.

ओहायोचं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा मित्र खुर्चीत मागे रेलून ऐकत होता. बाई त्याच्या दिशेने मान वळवून म्हणाल्या, ‘ऐकलंस? त्या फोटोत आपण हवे होतो.’ तो म्हणाला, ‘माझ्याकडे तसला सूट नाही.’

ते दोन पुरुष खरे होते, मॉडेल नव्हते. ओरेगनचं जोडपं. २००४च्या मार्चमध्ये तिथल्या मल्टनोमा काउंटीने समलिंगी जोडप्यांना लग्नाचे परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा एका स्थानिक वृत्तपत्राने त्यांचा फोटो काढला होता. तो न विचारता उचलला गेला. आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा क्षण, आणि वर्षाभराने तो देशभर दाखवला जातोय, कशाचा तरी किळसवाणा नमुना म्हणून. त्यांनी अडीच कोटी डॉलरचा दावा लावला. तो फेटाळला गेला.

यातलं कायद्याचं गणित मला अजूनही नीट गिळता येत नाही. पाकिटावर सोशल सिक्युरिटीचा आभास केला की पाकिटामागे डॉलर दंड. आतल्या कागदात किंवा जाहिरातीत एखाद्या संस्थेवर सैनिकद्वेषाचा आभास केला की काही नाही. टूथपेस्टने दात पांढरे होतात म्हणायला पुरावा लागतो. उमेदवाराने विरोधकाबद्दल धडधडीत खोटी जाहिरात केली तरी टीव्ही केंद्राला ती नाकारता येत नाही, तसा कायदाच आहे. राजकीय बोलण्याला सरकारने हात लावू नये, यामागचं शहाणपण मला कळतं. खरं-खोटं ठरवणारा सरकारी बाबू मलाही नकोय. आणि दंड ज्या पाकिटांना झाला, त्यांतला एकही डॉलर ती पाकिटं उघडून घाबरलेल्या म्हातारीला मिळाला नाही, हेही कळतं. पैसा देणाऱ्यांची नावंही कळत नाहीत. अशा संस्थांना देणगीदार जाहीर करायची सक्ती नसते.

याचा अर्थ एएआरपी धुतल्या तांदळासारखी आहे असा मुळीच नाही, आणि हेच मला जास्त बोचतं. युनायटेडहेल्थच्या विमा पॉलिसी एएआरपीच्या नावाने विकल्या जातात आणि त्या नावाच्या वापराबद्दल संस्थेला मिळणारी रॉयल्टी सभासदांच्या वर्गणीहून कितीतरी जास्त आहे. म्हाताऱ्यांची वकिली करणाऱ्याने म्हाताऱ्यांना विकल्या जाणाऱ्या मालातून कमाई करावी का, हा रास्त प्रश्न आहे. वायोमिंगचे सिनेटर अ‍ॅलन सिम्प्सन यांनी १९९५ साली याच पैशांवरून रीतसर सुनावणी घेऊन संस्थेला धारेवर धरलं होतं. ते रिपब्लिकन होते, जिभेला हाड नसलेले होते, पण त्यांनी कागद मागितले होते. दहा वर्षांनी हल्ला करणाऱ्यांच्या हातात हे सगळं तयार होतं. त्यांनी ते वापरलं नाही, कारण त्यासाठी वाचकाला पाच मिनिटं बसवावं लागतं, आणि पाच मिनिटं बसलेला माणूस सोशल सिक्युरिटीबद्दलही दोन प्रश्न विचारतो.

खासगी खात्यांची योजना त्या वर्षाअखेर विरून गेली. दोन्हीपैकी एकाही सभागृहात ती मतदानाला आली नाही. जाहिरातीमुळे ती बुडाली की जाहिरात असूनही, ते सांगता येत नाही. बुश देशभर साठ दिवस सभा घेत फिरले आणि जितके फिरले तितकी लोकांची पसंती घटत गेली. बाईंनी या विजयाचा काही आनंद केला नाही. जानेवारीत औषधांची नवी योजना सुरू झाली आणि आमचे शनिवार तिचे तक्ते वाचण्यात जाऊ लागले. एएआरपीला माफी मिळाली नव्हती.

कार्डाचं मात्र एक राहिलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे २००५च्याच, बाई आणि मित्र गाडीने मेन राज्यात गेले होते. जायच्या आदल्या रात्री बाईंनी मला खाली बोलावलं. रबरबँडांच्या खणातून कार्डाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले होते, शेजारी चिकटपट्टी. ‘नीट जुळव, नंबर वाचता आला पाहिजे. मोटेलमध्ये दहा टक्के सूट आहे.’

मी म्हटलं, ‘पण तुम्ही तर सोडलंत ना त्यांना?’

‘तीन वर्षांची वर्गणी आधीच भरलेली होती,’ बाई म्हणाल्या, भिंतीकडे बघत. ‘आणि दोन खोल्या नाही घेत आम्ही. एकच घेतो.’

मी दोन्ही कडा जुळवून पट्टी लावली. जरा वाकडीच लागली. बाईंनी अंगठ्याने जोडावरून चाचपून बघितलं आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.